घामाच्या तपासणीत पाय ‘पिवळे’ आले, आता काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझं वय ४९. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी चालू आहे, शेवटचं एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ होतं. नोकरीच्या ठिकाणी आरोग्य तपासणी झाली. त्यात एका यंत्रावर हात-पाय टेकवून तीनेक मिनिटं उभं केलं आणि घामाच्या ग्रंथींवरून नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, तपासणी केल्याचा रिपोर्ट हातात दिला. हात हिरवे, पाय पिवळे. खाली ‘मध्यम बिघाड’ असं छापलेलं. मला पायात मुंग्या नाहीत, आग नाही, बधिरपणा नाही. घाबरून एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करून घेतली, ती नॉर्मल आली. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, पायाला नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला आणि म्हणाले, “पाय ठीक आहेत, असल्या यंत्रांचं मनावर घेऊ नका.” पण माझ्या वडिलांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता. चपलेतून खिळा घुसला तो त्यांना कळलाच नाही. मोज्यावर डाग दिसले तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते, आणि त्यानंतरही घरगुती उपचारांत वेळ गेला. तोवर त्यांचे पाय कधी कुणी तपासलेच नव्हते. त्या काळी ही तपासणी असती तर त्यांचा पाय वाचला असता. लवकर कळलं तर बरं, असं वाटतं. घरी मी अजून कुणालाच काही बोललो नाही. नसांसाठी म्हणून दोन प्रकारच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि ही तपासणी दर महिन्याला करायचं ठरवलं आहे. बाकी तक्रार म्हणाल तर फक्त डोकेदुखी. तिच्यासाठी वर्षभर रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी घेतो. यंत्र खरं की डॉक्टर खरे? डॉक्टर बदलू का? मीही वडिलांच्याच वाटेवर आहे का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात यंत्राविषयी मोजक्या ओळी आहेत आणि वडिलांविषयी पानभर मजकूर आहे. दोन्हींची तुमच्या मनात घट्ट गाठ बसली आहे. ती सोडवल्याशिवाय रिपोर्टचा अर्थ लागणार नाही, म्हणून आधी रिपोर्ट बाजूला घेऊन बोलते. वडिलांकडे नंतर येतेच.

त्या दिवशी नेमकं काय मोजलं गेलं? तुम्ही अनवाणी दोन धातूच्या पट्ट्यांवर उभे राहिलात आणि तळहात आणखी दोन पट्ट्यांवर टेकवलेत. त्या पट्ट्यांना चार व्होल्टच्या आतला, अंगाला जाणवणारही नाही इतका हलका विद्युतदाब दिला जातो. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर एवढ्या कमी दाबाला दाद देत नाही. विजेला वाट मिळते ती घामाच्या बारीक नळ्यांमधूनच. घामातले क्लोराइडचे आयन पट्टीकडे ओढले जातात आणि वीज किती सहज वाहिली याचा आकडा मायक्रोसिमेन्स या एककात येतो. ग्रंथी जोमात असतील तर आकडा मोठा, मंदावल्या असतील तर लहान. तळहात आणि तळपाय निवडण्याचं कारण म्हणजे घामाच्या ग्रंथी तिथे सर्वांत दाट असतात.

म्हणजे यंत्राने पाहिल्या त्या तुमच्या ग्रंथी. नसांबद्दल जे छापलं आहे तो त्यावरून काढलेला अंदाज आहे. अंदाजाला आधार आहे. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे मज्जातंतू अतिशय बारीक असतात, त्यांच्यावर मायलिनचं संरक्षक आवरण नसतं. मधुमेहात बारीक तंतूंना सहसा लवकर झळ बसते. शिवाय जितका तंतू लांब तितका तो आधी थकतो, आणि पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब. हात हिरवे आणि पाय पिवळे ही तुमची जोडी मधुमेहाच्या न्यूरोपॅथीच्या (नसांच्या बिघाडाच्या) या क्रमात बसते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण ग्रंथी मंदावण्याची कारणं नसांपलीकडेही असतात. तुमच्या पत्रातलं एक कारण तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. डोकेदुखीची ती रात्रीची गोळी. घामाच्या ग्रंथीला मज्जातंतूचा निरोप पोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि अमिट्रिप्टिलिन नेमका त्याच निरोपाला अडथळा करते. ती घेणाऱ्या अनेकांचं तोंड कोरडं पडतं ते याच कारणाने. मज्जातंतू धडधाकट असूनही या गोळीमुळे आकडा खाली येऊ शकतो. किती खाली, ते तुमच्या बाबतीत कुणी सांगू शकणार नाही, कारण गोळी सुरू होण्याआधीचा आकडा आपल्याकडे नाही. गोळी तुमच्या तळहातांनाही पोचते, तरी हात हिरवे आले, म्हणून सगळा दोष तिच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण तपासणी करणाऱ्याने औषधांची यादी विचारली नसेल, तर तुमचा रिपोर्ट अर्धवट माहितीवर छापला गेला आहे. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन आणि फिट्स किंवा अर्धशिशीसाठीची टोपिरामेट यांनीही घाम कमी होतो. यातली कुठलीही गोळी यंत्राचा रंग बदलावा म्हणून स्वतःहून बंद करू नका. ती दिलेल्या डॉक्टरांना विचारा.

आता ‘पिवळा’ या शब्दाकडे वळू. हिरवा, पिवळा, लाल या रंगांच्या सीमा निसर्गाने आखलेल्या नाहीत. निरोगी लोकांचे आकडे गोळा करून त्या ठरवल्या आहेत. वय वाढतं तसा आकडा थोडा उतरतो. वेगवेगळ्या वंशाच्या निरोगी लोकांची सरासरीही सारखी आढळलेली नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ‘नॉर्मल’ची रेघही एकाच जागी ओढलेली नाही. मज्जासंस्थेच्या काही तज्ज्ञांनी २०१९ मध्ये या पद्धतीवर परखड टीका केली होती. यंत्र खरोखर मज्जातंतूंचंच काम मोजतं का, असा त्यांचा सवाल होता. आणि बऱ्याच अभ्यासांमागे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पैसा आहे, याकडेही त्यांनी बोट दाखवलं. दुसरीकडे, मधुमेही आणि निरोगी लोकांच्या गटांची तुलना केली तर न्यूरोपॅथी असलेल्यांचे आकडे खाली येतात, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. माझं मत विचाराल तर ही पद्धत टाकाऊ नाही. गटांमधला फरक ती दाखवते. पण समोर बसलेल्या एका माणसाला, कुठलीही तक्रार नसताना, केवळ तिच्या आकड्यावरून ‘तुमच्या नसा खराब झाल्या’ असं सांगणं मला मान्य नाही. तुमच्या रिपोर्टमधला रंग विसरा आणि त्याखालचा आकडा शोधा. हिरव्याच्या सीमेला टेकलेला पिवळा आणि लालच्या उंबरठ्यावरचा पिवळा यांत बरंच अंतर आहे, आणि रंग ते अंतर दाखवत नाही.

मग एनसीव्ही नॉर्मल कशी? इथे तुम्ही गृहीत धरलंत की दोन तपासण्यांची उत्तरं जुळली नाहीत म्हणजे एक खोटी. तसं नाही. एनसीव्ही मायलिनचं आवरण असलेले जाड तंतू तपासते. स्नायू हलवणं, कंपनं ओळखणं, पाय कुठे पडला याचं भान ठेवणं ही त्यांची कामं. वेदना, ऊन-थंड आणि घाम ही कामं बारीक तंतूंची, आणि ते एनसीव्हीला दिसतच नाहीत. हमरस्त्यावरची वाहतूक सुरळीत आहे म्हणून गल्लीबोळांतलीही असेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे तुमची एनसीव्ही नॉर्मल येणं ही चांगलीच बातमी आहे, मात्र घामाच्या तपासणीने जो प्रश्न उभा केला त्याचं उत्तर तिच्यात नाही. ते पैसे आणि ती धास्ती दोन्ही टाळता आली असती, याची हळहळ वाटते.

डॉक्टरांनी टेकवलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचंही असंच. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. १० ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो, आणि तेवढा स्पर्श कळला तर तळपायाला धोक्याची सूचना देणारी संवेदना शाबूत आहे असं समजतात. पायाला जखम होण्याचा धोका ओळखायला ही फार मोलाची आणि स्वस्तातली तपासणी आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती केली याचं मला बरं वाटलं, कारण कित्येकांचे बूटही काढायला लावले जात नाहीत. पण हा दोरासुद्धा मुख्यतः जाड तंतूंचंच काम पाहतो, आणि तो कळेनासा होतो तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो. म्हणजे डॉक्टर ‘पाय ठीक आहेत’ म्हणाले ते खरं: जखम नकळत होण्याचा मोठा धोका आज दिसत नाही. आणि यंत्र ‘काहीतरी कमी आहे’ म्हणालं तेही खोटं असेलच असं नाही. दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मधल्या रिकाम्या जागेत तुमची झोप उडाली.

डॉक्टर बदलायचे का, याचं उत्तर म्हणूनच मी ‘नाही’ देते, निदान आत्ता तरी. त्यांचं वाक्य तुम्हाला तुटक वाटलं असेल, पण त्यांनी रिपोर्टपेक्षा पायाला जास्त महत्त्व दिलं आणि ते योग्यच होतं. पुन्हा जा. या वेळी रिपोर्ट समोर सरकवून ‘हे खरं आहे का?’ असं विचारू नका. त्यावर हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं म्हणा: “माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. मला नऊ वर्षं मधुमेह आहे. बारीक नसांसाठी टाचणी आणि थंड-गरम स्पर्श, मोठ्या नसांसाठी ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा), आणि घोट्याचा झटका (टाचेच्या वर हातोडीने हलकंसं मारलं की पाऊल हलतं का ते), हे एकदा बघाल का? पायाच्या नाड्याही बघाल का?” यातलं काहीही करायला महागडं यंत्र लागत नाही. टाचणीचं टोक आणि बोथट बाजू यांतला फरक अंगठ्यावर कळतो का, ट्यूनिंग फोर्कची थंड दांडी थंड लागते का, १२८ हर्ट्झचा तो फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला की कंप जाणवतो का आणि तो थांबलेला कळतो का, एवढं पाहायला पाच-दहा मिनिटं पुरतात. मधुमेहाच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टाइप २ मध्ये निदान झाल्यापासूनच आणि टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी, पुढे दर वर्षी ही तपासणी व्हायला हवी. ती मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

त्याच भेटीत रक्तातलं बी-१२ तपासायला सांगा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं आणि त्याची कमतरता नसांना थेट इजा करते. हिमोग्लोबिन व्यवस्थित असतानाही हे होऊ शकतं. थायरॉइड आणि किडनीची तपासणी झाली नसेल तर तीही करा. दारू घेत असाल तर किती घेता ते खरं सांगा. आडवे असताना आणि उभं राहिल्यावर असं दोनदा रक्तदाब मोजायला सांगा, कारण घामाच्या तंतूंचे भाऊबंद हृदय आणि रक्तवाहिन्याही सांभाळतात. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते महत्त्वाचं आहे. आणखी एक, जे पुरुष सहसा लिहीत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत: लैंगिक ताठरता कमी झाली आहे का, थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं होतं का, पाय कोरडे ठणठणीत असताना चेहऱ्याला आणि छातीला भलताच घाम येतो का. यातलं काही असेल तर त्या पिवळ्या रंगाचं वजन वाढतं. टाचांना पडणाऱ्या भेगा आणि कोरड्या तळपायांकडेही एकदा या नजरेने बघा.

त्वचेचा तुकडा काढून बारीक तंतू मोजण्याचीही पद्धत आहे. घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवरून तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेतले तंतू मोजतात. तुम्हाला आज तिची गरज नाही. पाय जळतात, एनसीव्ही नॉर्मल आहे आणि कारण सापडत नाही, अशांसाठी ती राखून ठेवलेली बरी.

आता ‘लवकर कळलं तर बरं’ या तुमच्या वाक्याविषयी. ते वाक्य मीही बोलते, पण त्याच्या पोटात एक आशा दडलेली असते की लवकर कळलं म्हणजे उलटवता येईल. झालेली इजा हमखास उलटवणारं औषध आज उपलब्ध नाही. प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिनसारखी औषधं दुखणं कमी करतात, त्यांनी तंतू पुन्हा उगवत नाहीत. लवकर कळण्याचा उपयोग आहे तो पुढची घसरण मंद करण्यात आणि पाय सांभाळण्यात. टाइप १ मधुमेहात काटेकोर साखर-नियंत्रणाने न्यूरोपॅथी सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली, असं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. टाइप २ मध्ये हा फायदा बराच कमी आहे. तिथे साखरेच्या जोडीला वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि तंबाखू या सगळ्यांकडे पाहावं लागतं. तुमचं ८.४ खाली यायला हवं, हे मी स्पष्ट सांगते, आणि या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. पण भीतीच्या भरात उपाशी राहून, गोळ्या वाढवून ते दोन महिन्यांत सहावर आणायला जाऊ नका. एचबीए१सी तीन महिन्यांत दोन अंकांहून जास्त घसरलं तर त्या वेगानेच नसांना इजा होऊन पाय असह्य जळू लागतात, असं काही रुग्णांत होतं. टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवा.

त्या दोन व्हिटॅमिनच्या बाटल्या आजच घेऊन बसा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. दोन्हींत बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, असण्याची बरीच शक्यता आहे. हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर तेच न्यूरोपॅथी घडवतं: मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं. नसा वाचवायला घेतलेल्या गोळीने नसा बिघडणं यासारखी वाईट गोष्ट नाही. बी-१२ कमी निघालं तर ते नेमकं त्या मात्रेत डॉक्टर देतील. तोवर दुहेरी गोळ्यांची मला काहीच गरज दिसत नाही. आणि बी-१२ च्या गोळ्या चालू असताना रक्त तपासलं तर आकडा फुगलेला येतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वडिलांविषयी. तुम्ही लिहिलंत की त्या काळी ही तपासणी असती तर त्यांचा पाय वाचला असता. तुम्ही सांगितलेला घटनाक्रम मी पुन्हा नीट वाचला. खिळा घुसला, कळला नाही. घरात कुणी तळपाय पाहिला नाही. डाग दिसल्यावरही घरगुती उपाय झाले. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत संसर्ग हाडापर्यंत गेला होता. त्याआधी वर्षानुवर्षं एकाही भेटीत कुणी त्यांचे मोजे काढायला लावले नाहीत. यातली प्रत्येक कडी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी तोडता आली असती. कुठल्याही कडीला यंत्र लागत नव्हतं. हे मी कुणावर ठपका ठेवायला म्हणत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तुम्हालाही नाही. पण म्हणूनच तुम्ही त्यांच्या वाटेवर नाही: तुमच्या पायाला आज स्पर्श कळतो, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, आणि तुम्ही पन्नाशीच्या आत विचारताय. मधुमेह वारशात येतो, पायाची हेळसांड वारशात येत नाही.

म्हणून घरी सांगा, ही माझी आग्रहाची विनंती. लपवल्याने घरच्यांची काळजी वाचत नाही. तुमची चिडचिड आणि उडालेली झोप त्यांना दिसतच असणार. शिवाय स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही. रोज रात्री पत्नीने किंवा मुलांनी दोन मिनिटं पाहिला तर उत्तम, नाहीतर आरसा जमिनीवर ठेवून पाहा: फोड, चीर, रंगबदल, बोटांच्या बेचक्यांतला ओलेपणा. घरच्या घरी करता येणारी एक साधी चाचणी आहे, इंग्लंडमधल्या इप्सविच गावात रुजलेली. डोळे मिटून झोपा. दुसऱ्याने तुमच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि कळलं नाही म्हणून तिथेच परत करायचं नाही. कळलं की तुम्ही डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श निसटले तर पायाची संवेदना कमी झाली असं धरून डॉक्टरांकडे जा. ही चाचणी बारीक तंतूंचं काही सांगत नाही, पण ज्या धोक्याने वडिलांचा पाय गेला तोच ती शोधते. बाकीचं तुम्हाला माहीत असेल: घरातही अनवाणी नको, चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, पाणी किती गरम ते पायाने बघायचं नाही, कोरड्या तळपायाला मॉइश्चरायझर लावायचं पण बोटांच्या मध्ये नाही.

दर महिन्याची तपासणी मात्र रद्द करा. तंतू महिन्याभरात इतके बदलत नाहीत, आकडा मात्र दर वेळी थोडा इकडे-तिकडे होतो. तुम्ही त्या चढउताराला प्रगती किंवा अधोगती समजून बसाल. पुन्हा करायचीच असेल तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, त्याच यंत्रावर, औषधांची यादी सोबत नेऊन, आणि मधल्या काळात साखर आणि बी-१२ यांचं काहीतरी केल्यानंतर. डॉक्टरांनी पाय नीट तपासले आणि सगळं ठीक निघालं, तर न केलेलीही चालेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. तुमच्या तळपायांची आग होते, विशेषतः रात्री, आणि एनसीव्ही नॉर्मल आल्यामुळे ‘मनाचे खेळ’ म्हणून तुम्हाला परत पाठवलं असेल, तर ही घामाची तपासणी तुमच्या कामाची आहे. एक पुरावा म्हणून, इतर पुराव्यांच्या जोडीला. केमोथेरपी घेणारे किंवा कुटुंबात ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस (नसांमध्ये एक प्रथिन साचण्याचा आनुवंशिक आजार) असलेले यांच्या बाबतीतही डॉक्टर तिचा विचार करू शकतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असेल, गर्भारपण असेल, तळव्यांवर उघडी जखम असेल, तर ती करू नका. आणि ज्यांचा रिपोर्ट हिरवा आला त्यांनी निर्धास्त होऊन वर्षाची पायतपासणी सोडू नये. मधुमेहाच्या न्यूरोपॅथीत निम्म्या लोकांपर्यंत कुठलीच तक्रार नसू शकते. पायात नाड्या लागत नसतील तर हिरव्या घामाचा काय उपयोग?

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या भेटीची किंवा माझ्या उत्तराची वाट पाहायची नाही. पायाला कुठलीही जखम किंवा फोड, न दुखणारासुद्धा. जखम नसताना एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला. त्यावर भार देऊन चालूही नका. बोटाचा रंग काळपट किंवा निळसर. पायांतून वर चढत जाणारी, काही दिवसांत वाढणारी कमजोरी. एकाच पायाला अचानक आलेला लुळेपणा. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, आणि दाखवताना दोन्ही पायांचे मोजे काढा.